तीन पेल्यांची भिंत

सी

सी म्हणजे सिमेंट. पोत्यावर हे अक्षर असलं की आतला माल सिमेंटचा, पाणी घालून कालवायचा. एवढं कळायला घर्यानमध्ये कुणालाच मिलूदची गरज नव्हती, पण मिलूद सांगायचा. लग्नात सांगायचा, मय्यतीला सांगायचा, आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान अडकलेला माणूस सापडला तर सविस्तर सांगायचा.

त्याचंही बरोबर होतं. त्रिपोलीच्या एका सरकारी कचेरीत आयुष्य घालवून त्याने परदेशी मानकं अरबीत आणली होती. नळाच्या तोट्या, विजेच्या वायरी, शाळेचे बाक आणि निवृत्तीच्या तोंडावर टाइल चिकटवायच्या मालाची वर्गवारी. त्या मानकांप्रमाणे देशात कुणी एक तोटीसुद्धा बसवली नाही, हा भाग वेगळा. मानकाचं काम छापलं जाणं. पाळलं जाणं हे त्याच्या कक्षेत येत नाही.

निवृत्तीनंतर तो बायकोला घेऊन डोंगरावर, आपल्या गावी परतला. घर्यान म्हणजे कुंभारांचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मडकी, ताटं, निळ्यापिवळ्या टाइल्स मांडलेल्या. अशा गावात माणसाची बैठकीची खोली साध्या रंगाची असणं म्हणजे मासेमाराच्या घरी कोंबडी शिजण्यासारखं. मिलूदने एका मिसरी, म्हणजे इजिप्तहून आलेल्या, गवंड्याला बोलावून समोरच्या भिंतीवर टाइल्स लावून घेतल्या. गवंड्याचा पाहुणचार असा केला की तो जाताना रडला. चार महिन्यांनी भिंतही रडली. चुलतभाऊ जेवायला बसला असताना वरची एक टाइल सुटली आणि बाझीनच्या, म्हणजे सातूच्या उकडलेल्या गोळ्याच्या, भोवतीच्या मटणाच्या रश्श्यात, निळी बाजू वर करून, व्यवस्थित बसली.

चुलतभाऊ म्हणाला, "मिलूद, मटण कमी होतं तर तोंडाने सांगायचंस."

ते वाक्य त्याच दिवशी बाजारात पोचलं. उरलेल्या टाइल्स त्याच आठवड्यात एकेक करून उतरल्या.

मिलूद कोठीत गेला, रिकामं पोतं उजेडात धरलं आणि डॉक्टरने रोगाचं नाव घ्यावं तसं म्हणाला, "सी-वन."

त्याची बायको मसूदा हिने पडलेल्या टाइल्सपैकी चार धड होत्या त्या गरम पातेल्याखाली ठेवायला घेतल्या. तिने सहज सांगितलं की मागून त्या इतक्या स्वच्छ होत्या, पुसायलासुद्धा लागल्या नाहीत, जसं काही त्यांना कधी काही लागलंच नव्हतं. मिलूदने ऐकलं आणि सोडून दिलं. ज्या निरीक्षणात आकडा नाही ते निरीक्षण नव्हे, अशी त्याची शिस्त होती.


दोन

दोन म्हणजे सुधारित. एक नंबरवाल्याच्या दुप्पट जोर लावल्याशिवाय टाइल भिंत सोडत नाही. मानकात असं लिहिलंय आणि अरबीत ते मिलूदनेच लिहिलं होतं, त्यामुळे त्याचा त्यावर दुप्पट विश्वास.

आता घाई होती. मुलीला, इंतिसारला, स्थळ आलं होतं. ती दवाखान्याच्या औषधखिडकीत बसायची, मुलगा सिराज शाळेत गणित शिकवायचा, आणि दोघांचं आपसात केव्हाच ठरलेलं होतं. आता मोठ्यांनी ते शोधून काढून आपलीच कल्पना म्हणून जाहीर करायचं, एवढंच उरलं होतं. त्यासाठी येत्या शुक्रवारी मुलाकडची वडीलधारी माणसं फातिहा वाचून लग्न पक्कं करायला येणार होती. बसणार कुठे? बैठकीत. बघणार काय? समोरची उघडी, खरवडलेली भिंत.

सिराजचा बाप हाजी मिफ्ताह मवाळ माणूस. मत असं त्याला नव्हतं. ते त्याचा थोरला भाऊ हाजी अश्तेवी ठेवायचा, दोघांपुरतं. या अश्तेवीने मागे एका पुतण्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण मुलीच्या घरी चहा दुसऱ्या पेल्यावर संपला. तिसरा पेला, बदाम घातलेला, आलाच नाही. जे घर पाहुण्याला तिसऱ्या पेल्याआधी उठू देतं ते मुलीला काय शिकवणार, असं तो चारचौघांत बोलला. त्या मुलीचं पुढे दातांच्या डॉक्टरशी लग्न झालं आणि ती सुखात आहे, पण तो मुद्दा नाही.

मुद्दा हा की हाजी अश्तेवी जन्मभर टाइल्स लावत आलेला. भिंतीची बातमी त्याच्या कानावर गेली आणि सोमवारी तो स्वतःची थापी घेऊन दारात उभा राहिला.

"भिंत मी करणार," तो म्हणाला. "आता घर एकच आहे. परक्याचा हात कशाला लावायचा?"

मिलूदने नको नको म्हटलं, जेवढं म्हणायची रीत आहे तेवढं. मग आत येऊन मसूदाला सांगितलं की आपलं नशीब उघडलं. मसूदा कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"म्हणजे याला चहा कमी पडला तर मुलगी गेली," ती म्हणाली, "आणि भिंत पडली तरी गेली."

मिलूदने तिला समजावलं की या खेपेला पोत्यावर सी-टू आहे.


टी

टी म्हणजे घसरत नाही. उभ्या भिंतीला लावलेली टाइल ओल्या मालातून आपल्या वजनाने खाली सरकत नाही. हाजी अश्तेवीला हे फार आवडलं. तो स्वतःही एकदा गादीवर बसला की सरकत नसे.

त्याची कामाची पद्धत जुनी होती आणि तिच्यावर त्याने नव्याचं कलम केलं होतं. टाइल्स पाण्याच्या घंगाळात बुडवून ठेवायच्या, हे जुनं. दातेरी थापीने माल भिंतीवर ओढायचा, हे नवं. पण जरा जरा ओढून टाइल लावत बसणं त्याच्या शानेला शोभत नसे. तो अर्धी भिंत एका दमात माखायचा, खालपासून वरपर्यंत, दात्यांच्या रेघा अशा सरळ की नांगरलेलं शेत. मग दोन पावलं मागे जायचा आणि बघायचा. आणि ते बघणं संपलं की चहा.

चहा मिलूद स्वतः करायचा. कोळशाची शेगडी, निळी किटली, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार, फेस येईपर्यंत. पहिला पेला काळा, कडू. दुसऱ्यात पुदिना. तिसऱ्यात भाजलेले बदाम. घाई केलेला चहा हा चहाच नव्हे, आणि घर्यानमध्ये घाई केल्याचा आरोप कुणावर झालेला नाही.

मानकात प्रयोगशाळा असते. तिथे तापमान तेवीस अंश असतं, वारा अजिबात नसतो, आणि मुख्य म्हणजे व्याही नसतो.

मंगळवारी गिबली सुटला. वाळवंटातून येणारा हा वारा खिडकी लावली तरी आत येतो आणि ओठावरची थुंकी ओठावरच वाळवतो. हाजी अश्तेवीने अर्धी भिंत माखली, मागे सरला, पाहिलं, आणि हात धुतले.


ई

ई हे अक्षर मिलूदचं सगळ्यांत लाडकं. अनुवाद करताना त्यावर त्याने पुष्कळ डोकं शिणवलं होतं. त्या दिवशी पुदिन्याचा पेला भरता भरता त्याने पाहुण्याला ते समजावून द्यायला घेतलं.

माल भिंतीवर पसरला की लगेच मरत नाही, तो म्हणाला. काही काळ जिवंत, उघडा असतो. तेवढ्यात टाइल दाबली तर धरतो. साधा माल वीस मिनिटं उघडा राहतो. ई लिहिलेला तीस.

हाजी अश्तेवीने विचारलं की तीसनंतर काय होतं.

"वर साय येते, हाजी. दिसायला ओला तो ओलाच. पण आतून दार लावून घेतलेलं."

"माझ्या धाकट्या साल्यासारखं," अश्तेवी म्हणाला आणि पेला पुढे केला.

मिलूद रंगात आला. साय कशी धरते, वारा असला तर लवकर कशी धरते, ऊन असलं तर त्याहून लवकर, आणि ती तीस मिनिटं प्रयोगशाळेतली असतात, बाहेर त्यांचा भरवसा नाही, हे अडाणी गवंड्यांना कसं कळत नाही, हे सगळं त्याने सांगितलं. सांगताना तो उठून उभा राहिला, कारण बसून मानक सांगता येत नाही. पाहुण्याच्या मानासाठी त्याने काळी भरतकामाची बंडी घातली होती. बोलता बोलता दमून तो मागच्या भिंतीला टेकला. टेकूनच त्याने साय या विषयाचा शेवट केला. अश्तेवीने मान डोलावली आणि बदामांची आठवण काढली.

बदाम स्वयंपाकघरात होते. मिलूद आत गेला. मसूदाला त्याची पाठ दिसली.

"कुठे टेकला होतात? बंडीवर रेघा उठल्यात."

मिलूद दचकला. ओल्या मालाला टेकलो. बंडी गेली. त्याने ती घाईने काढली. मसूदाने हातात घेऊन झटकली. दात्यांच्या दाबाच्या रेघा होत्या खऱ्या, पण नुसत्या घड्या. एका झटक्यात गेल्या. काळ्या कापडावर पांढरा ठिपका म्हणून नाही.

"चांगला माल आणलात," ती म्हणाली. "ओल्या भिंतीला टेका आणि इस्त्री करून उठा. माझं धुणं वाचलं."

मिलूद बंडीकडे बघत राहिला. मग त्याने चुलीशेजारचं पातेलं उचललं, खालची निळी टाइल काढली आणि उलटी केली. मागची बाजू धुतलेल्या बशीसारखी. आकडा तिथे नव्हताच. नुसतीच टाइल होती.

मिसरी गवंड्यालाही त्याने रोज तीन पेले पाजले होते. आग्रह करकरून.

बाहेरून अश्तेवीने हाक मारली, बदाम भाजताय की झाड लावताय.

तिसरा पेला झाला. मग हाजी अश्तेवी अंग मोडत उठला आणि मेलेल्या मालावर, घंगाळातल्या निथळत्या टाइल्स एकेक करून लावू लागला. हात काय सुरेख. ओळ काय सरळ. मिलूद एकेक टाइल उचलून देत होता. दोनदा त्याने तोंड उघडलं. काय बोलणार? तुम्ही चहा पिऊ नका? की मी पाजू नये? दोन्हीतलं एक वाक्य तरी बाजारात गेलं असतं, आणि तिथून हाजी मिफ्ताहच्या घरी, मुलीच्या आधी.


एफ

एफ म्हणजे झटपट. हे अक्षर मिलूदच्या पोत्यावर नव्हतं.


एस-वन

एस-वन म्हणजे वाकतो. भिंत जराशी हलली, उन्हाने फुगली, थंडीने आकसली, तर हा माल तिच्याबरोबर वाकतो आणि तुटत नाही. अडीच ते पाच मिलिमीटर. त्याहून जास्त वाकणाऱ्याला एस-टू म्हणतात, आणि तसा माणूस मिलूदच्या कचेरीत साहेब व्हायचा.

सकाळी मिलूदने झालेल्या अर्ध्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. एका टाइलला नख लावलं तर ती हातात येते की काय असं वाटून त्याने नख काढून घेतलं. मसूदा म्हणाली, पाडा. तो म्हणाला, पाडू, आणि हाजीला सांगू काय? झालेली बाजू अल्लावर सोडायची आणि उरलेली वाचवायची, एवढंच हातात होतं. पण उरलेली वाचवायची तरी हाजी चहाला बसल्याशिवाय राहणार नव्हता.

तोडगा मसूदाने काढला. तो चहाशिवाय कशाबद्दल बोलत नाही, ती म्हणाली, आणि तुम्ही मालाशिवाय. मग अदलाबदल करा.

म्हणून अश्तेवी आल्यावर तिने पडद्याआडून त्याला सांगितलं की हाजी, या घरात शेगडीजवळ बसायचा मान फक्त जवळच्या माणसाला मिळतो, आणि आज तो तुमचा. मिलूदने भर घातली की त्यालाही हाताने काम शिकायची फार दिवसांची इच्छा आहे, आणि असा उस्ताद पुन्हा कुठे मिळायचा. अश्तेवी इतका सुखावला की त्याने शेगडी स्वतःच ओढून घेतली.

मिलूदने जन्मात थापी धरली नव्हती. त्याने ताटाएवढा तुकडा माखला, बोट लावून पाहिलं, बोट भरलं, आणि लगेच टाइल दाबली. टाइल फडक्याने कोरडी केलेली, कारण या मालाला ओली टाइल चालत नाही. मग पुढचा तुकडा. मागे गादीवरून अश्तेवी एका भांड्यातून दुसऱ्यात धार ओतत सूचना देत होता आणि थट्टेने मिलूदलाच उस्ताद म्हणत होता. डावीकडे घे. फार डावीकडे गेलास. उस्ताद, ही ओळ आपल्या घाटातल्या रस्त्यासारखी चाललीय, आता उतारावर ट्रक पलटी होणार. मिलूदने हूं म्हटलं आणि बोट लावून पाहिलं. पहिला पेला त्याने उभ्यानेच घेतला. दुसरा राहून गेला. अश्तेवीने रागावल्यासारखं केलं, पण शिष्याने गुरूसमोर फार चहा पिऊ नये हे त्याला मनातून पटलं.

संध्याकाळपर्यंत भिंत पूर्ण झाली. डावी बाजू अशी की दोरी लावून पाहावी. उजवी अशी की पाहू नये.

शुक्रवारी नमाजानंतर मंडळी आली. पाच पुरुष बैठकीत, बायका आतल्या खोलीत. मिलूदने गाद्या आधीच भिंतीच्या उजव्या, वाकड्या बाजूशी घातल्या होत्या. मिफ्ताह बसला, सिराज बसला, दोन काका बसले. हाजी अश्तेवी दारातच थांबला.

"चांगली बाजू सोडून सगळ्यांना कोपऱ्यात का कोंबलंय?" तो म्हणाला. त्याने स्वतःची गादी उचलली, डाव्या बाजूशी नेली, आणि आपल्या सरळ ओळींना पाठ लावून बसला, फोटो काढून घ्यायला बसावा तसा. मिलूदने वारा लागेल म्हटलं, पाठ दुखेल म्हटलं. अश्तेवीने सांगितलं की स्वतःच्या हातच्या भिंतीने कधी पाठ दुखत नाही.

बोलणी सुरू झाली. मिफ्ताहने मुलाचं कौतुक केलं, मिलूदने मुलीचं केलं नाही, कारण ते मिफ्ताहने करायचं असतं, आणि त्याने केलं. पहिला पेला झाला. मिलूद चहा ओतत होता आणि त्याची धार ज्यांनी पाहिली ते नंतर म्हणाले की दोनदा पेल्याबाहेर गेलेली ती पाहून वाटलं, बापाचं काळीज आहे. दुसरा पेला आला. दुसरा ओठांना लावून हाजी अश्तेवीने समाधानाने डोकं मागे टेकवलं.

भिंतीतून असा आवाज आला की कुणी दात उपटावा. एक टाइल सुटली, त्याच्या खांद्यावरून अलगद घरंगळली आणि मांडीवर येऊन बसली. निळी बाजू वर. ही बाजू वर यायची या घराची पद्धतच होती.

अश्तेवीने पेला खाली ठेवला, टाइल उचलली, उलटी केली. मागची बाजू लख्ख होती. त्याने अंगठा फिरवला आणि अंगठा पाहिला. आतल्या खोलीचा पडदा जरासा हलला.

"उस्ताद," तो हळू म्हणाला. "माल कुठला होता?"

उत्तर मिलूदला येत होतं. जगात कुणाला येत असेल तर त्यालाच. त्या उत्तरात गिबली होता, घंगाळ होतं, तीन पेले होते, पाजणारा होता आणि पिणारा होता. ते त्याने स्वतः, शब्दासाठी शब्द तोलून, अरबीत लिहिलं होतं. अश्तेवीचा चेहरा पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा दिसत होता.

"फसवा निघाला, हाजी," मिलूद म्हणाला. "पोत्यावर सी-टू लिहिलेलं होतं, टी, ई, एस-वन, सगळं. लिहिणाऱ्याचं काय जातं."

अश्तेवीने श्वास सोडला. मिफ्ताहला कधी नव्हे ते मत सुचलं. ही अक्षरं सगळी थोतांड आहेत, तो म्हणाला, कुठल्या तरी कचेरीत बसून कुणीतरी रिकामटेकडा ती लिहितो आणि पगार घेतो.

"हो," मिलूद म्हणाला. "रिकामटेकडाच."

"मी तरी म्हणतो," अश्तेवी म्हणाला, "माझ्या हातची टाइल पडेल कशी."

तेवढ्यात सिराजने वाकड्या बाजूच्या एका टाइलवर बोट ठोकलं. भरीव आवाज आला. त्याने दुसरी ठोकली. गणिताच्या मास्तराच्या कपाळाला जी आठी पडते ती पडली.

"पण काका," तो म्हणाला, "या बाजूलाही तीच पोती होती ना?"

पडद्यामागे कुणीतरी खोकलं. इंतिसारला सर्दी नव्हती.

सिराजने पडद्याकडे पाहिलं, थोरल्या काकांकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं.

"नसतील," तो म्हणाला. "वेगळी असतील."

मिलूदने त्याच्या पेल्यात बदाम जरा जास्तच टाकले.

तिसरा पेला झाला. हाजी अश्तेवीने गादी उचलून इकडे आणली आणि मिलूदला खेटून, घाटातल्या रस्त्याला पाठ लावून बसला. सगळ्यांनी तळवे वर केले. फातिहा अर्ध्यावर आली तेव्हा डाव्या बाजूच्या आणखी दोन टाइल्स खाली आल्या, आणि आमीन होईपर्यंत एकानेही मान वळवली नाही.